पुतळ्यापुढची तालीम

४ जानेवारी

फिल्म कंपनीच्या मास्तरांनी आज सगळ्यांसमोर जाहीर केलं की पुढची फिल्म मोठी, सहा रिळांची, आणि तिच्यात मुख्य काम माझं. मी खुशीत टोपी उडवणार तेवढ्यात म्हणाले, "तू पडतेस झकास, पण चेहरा म्हणजे नुसती कोरी पाटी. सहा रिळं लोक पडापडी बघत बसणार नाहीत." म्हणून हुकूम झालाय की रोज काय वाटलं ते वहीत लिहायचं. राग कधी आला, हसू कधी आलं, लाज कधी वाटली. मनाला सवय झाली की चेहऱ्याला होईल म्हणतात.

तर ही वही. त्यांना दाखवायची नाही, हे पहिल्याच पानावर ठरवून टाकते.

पडणं मला कुणी शिकवलं नाही. चार वर्षांपूर्वी ताईने शिवलेले कपडे कंपनीत पोचवायला गेले आणि जिन्यावरून पाय सटकला. अठरा पायऱ्या खाली आले, पण एकही झगा जमिनीला लागू दिला नाही. खाली मास्तर उभे होते. हात द्यायचं सोडून म्हणाले, पुन्हा एकदा पडून दाखव. तेव्हापासून पडतेच आहे. रस्त्यात लोक मला 'धांदलीबाई' म्हणून हाक मारतात, खरं नाव आता घरीच.

घरी म्हणजे ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चौदाव्या वर्षी तापात तिचे कान गेले. दोन वर्षांनी आई गेली, मग मला हिनेच वाढवलं, शिवण करून. ती ओठ वाचते. घरात आम्ही आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवतो. भांडणसुद्धा तसंच होतं, त्यामुळे शेजारी म्हणतात, काय गुणाच्या बहिणी आहेत.

माझी प्रत्येक फिल्म ती पहिल्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसून बघते. मागच्या फिल्ममध्ये नायक नायिकेपुढे गुडघे टेकून काकुळतीने बोलतो आणि, फिल्मला आवाज नसतो म्हणून, पडद्यावर अक्षरांची पाटी येते, 'तुझ्यावाचून जगणं व्यर्थ'. बाया डोळे पुसत होत्या आणि ताई एकटी खो खो हसत होती. तो गडी प्रत्यक्षात म्हणत होता, "दाढ ठणकतेय, लवकर हो म्हण." तेव्हापासून कॅमेरा चालू असताना मी तोंड सांभाळून बोलते. बाकीचे काय वाटेल ते बरळतात.

९ जानेवारी

आज लाजेचं पान.

वर्तमानपत्राचा माणूस घरी आला होता, धांदलीबाई घरी कशी राहते ते लिहायला. छान बोलणं चाललं होतं. ताई चहा घेऊन आली आणि त्याला म्हणाली, साखर पाहिजे का. तिचा आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे तो फार मोठा निघतो आणि भलत्याच ठिकाणी चढतो. तो माणूस दचकला, चहा बशीत सांडला, मग ओठ दाबून हसला. मला विचारलं, या कोण?

मी तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाले, आमच्याकडे शिवण करतात.

खोटं कुठे आहे त्यात? शिवण करतेच ती. पण मी तोंड वळवलं होतं. तो गेल्यावर ताईने विचारलं, माझ्याबद्दल काय विचारत होता? मी म्हटलं, चहाची तारीफ केली. ती खूश झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याबद्दल राग आला तोही तिचाच. असं का होतं कुणास ठाऊक.

१७ जानेवारी

पुतळ्याचं दृश्य. मोलकरणीला बाईसाहेबांनी कामावरून काढलंय. तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून ती त्यांच्या कपड्यांच्या खोलीत जाऊन शिवणकामाच्या पुतळ्याच्या मानेवर बाईसाहेबांची टोपी ठेवते आणि त्यालाच फाडफाड बोलते. पुतळा ताईचाच, कपडे अंगावर बसतात का बघायचा. डोकं नाही, हात नाहीत. काल तिने स्वतः कंपनीत आणून दिला आणि त्याची धूळ पुसून गेली.

सकाळपासून माझा राग म्हणजे पाणचट चहा. मास्तर वैतागले. म्हणाले, तुला खरंच ज्याचा राग येतो त्याला समोर आण. तालीम आहे, कॅमेरा बंद आहे, वाट्टेल ते बोल.

मी डोळे मिटले तर समोर वर्तमानपत्रवाला, आणि मागे ताई चहाचा ट्रे घेऊन. मग उचलली जीभ लावली टाळ्याला. ताईवरचा सगळा राग पुतळ्यावर काढला. काय काय बोलले ते आता नीट आठवतही नाही. आवाज न काढताच बोलले, घरच्यासारखी, फक्त ओठांनी. टोपी उचलून पुन्हा आदळली. सगळे हसून लोळत होते. कॅमेरावाला, ज्याला आम्ही मुनी म्हणतो कारण तो दिवसाला दहाच शब्द बोलतो, तोसुद्धा हसत होता.

नंतर खरं शूटिंग झालं. त्यात मी शहाण्यासारखी 'बाईसाहेब, ही घ्या तुमची टोपी' एवढंच बोलले. मास्तर म्हणाले, ठीक.

बोलून टाकल्यावर लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर कडकडून भूक लागली. घरी येऊन दोनदा वाढून घेतलं आणि ताईने विचारलं, पुतळ्याने नीट काम केलं ना?

२ मार्च

आज कंपनीतल्या कंपनीत फिल्म दाखवली. पुतळ्याचं दृश्य आलं आणि माझा चेहरा भिंतभर झाला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, दुसरं काही नाही. ओठ इतके स्पष्ट की लहान मूलही शिकेल. आणि त्या ओठांतून तालमीतलं सगळं बाहेर पडत होतं.

कॅमेरा बंद नव्हता. मला कॅमेरा चालू आहे असं कळलं की मी आखडते, म्हणून मास्तरांनी मुनीला खुणेने कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला सांगितलं होतं. मुनी हळूच पुढे सरकला आणि जवळून घेतलं. आमच्या कंपनीत हे नेहमीचं आहे. मला ठाऊक असायला हवं होतं. मी स्वतः दुसऱ्यांच्या बाबतीत ही चलाखी बघून हसलेय.

खाली पाटी, 'बाईसाहेब, ही घ्या तुमची टोपी'. सगळे पोट धरून हसले. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आज तू नटी झालीस.

काय बोलले ते इथे लिहीत नाही. ताई घरी नसती तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं. फिल्म पंधरा तारखेला लागणार. ताई दुसऱ्या रांगेत बसणार.

४ मार्च

मास्तरांना म्हटलं, ते कापा. म्हणाले, वेड लागलंय का, सगळी फिल्म त्याच्यावर उभी आहे. कारण विचारलं. मी म्हटलं, त्यात माझे दात वाकडे दिसतात. ते म्हणाले, वाकड्या दातांनीच तुझं भलं होणार आहे.

मुनीला गाठलं, फिल्म कापणं-जोडणंही त्याच्याकडेच. तोही म्हणाला, कारण? खरं कारण सांगितलं असतं तर कदाचित त्याने कात्री हातात घेतली असती. पण सांगायचं काय? मी माझ्या बहिणीबद्दल असं असं बोलले, असं? मी पुन्हा दातांवरच आले. त्याने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, दात चांगले आहेत.

माझ्या अब्रूला जपायला मी दात पुढे केले आणि कात्री राहिली बाजूला.

११ मार्च

ताईला सांगितलं की यंदा पहिल्या दिवशी फक्त पाहुणे आहेत, कंपनीच्या आणि घरच्या माणसांना मनाई. मग म्हटलं, तशीही फिल्म जरा फसलीच आहे, तुला नाही आवडणार. मग म्हटलं, हॉलमध्ये ढेकूण झालेत. एकापुढे एक तीन सबबी सांगितल्या आणि तिसरी सांगताना मलाच कळलं की एकच पुरली असती.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. म्हणाली, बरं. तसंही तिच्याकडे लग्नाचे सहा झगे शिवायला आलेत, मान वर करायला वेळ नाही. माझ्या जिवात जीव आला.

१५ मार्च

काय सांगू! संध्याकाळच्या खेळाला लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पुतळ्याच्या दृश्याला इतके हसले की पुढची दोन मिनिटं कुणाला काही दिसलंच नाही. बाहेर आल्यावर गर्दीत माझी टोपी गेली. मास्तर म्हणाले, लगेच दुसरा भाग काढायचा, पुतळा आणि तू, तोच चेहरा.

घरी आले तर ताई अंधारात बसलेली. दिवा लावायची विसरली होती. तिचा बाहेरचा कोट खुर्चीवर होता, एका गिऱ्हाइकाला झगा पोचवून आले म्हणाली. जेवण केलं नव्हतं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. एका वेळी सहा झगे म्हणजे थट्टा नाही, थकली असणार. मीच अंडी तळली.

तिने विचारलं, लोक हसले?

खूप, मी म्हटलं.

कुठे जास्त हसले?

मी म्हटलं, पुतळ्यापाशी. तिने मान हलवली आणि अंडं तसंच ठेवून झोपायला गेली.

२० मार्च

ताईचं काहीतरी बिनसलंय. बोलते, हसते, पण माझ्याकडे बघून बोलत नाही, आणि आमच्या घरात न बघता बोलता येत नाही. आज तिने ट्रंकेतून एक जुनं पत्र काढलं. दोन तासांवरच्या गावात बहिऱ्या मुलींची शाळा आहे, तिथल्या मुख्य बाईंनी वर्षापूर्वी शिवण शिकवायला बोलावलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, माझ्या धांदरटीला सोडून कुठे जाऊ? आता म्हणते, जाऊन बघते.

पहिल्या दिवशी नेलं नाही म्हणून रुसली आहे, दुसरं काय. पण हेही मनात येतं की फिल्म अजून महिनाभर तरी चालेल. कुणी सांगितलं तर? एखाद्या दिवशी ती स्वतःच गेली तर? त्यापेक्षा आपणच थोडं सांगून ठेवलेलं बरं.

२४ मार्च

सांगितलं! अंगावरचं मोठं ओझं उतरलं.

ती गुंड्या लावत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, त्या पुतळ्याच्या दृश्यात मी तुझ्याबद्दल एक-दोन शब्द बोलले आहे. तालीम समजून. तेच तेच घर, तेच तेच काम, मला कंटाळा आलाय, असं काहीसं. तुला दिसलं तर वाईट वाटायला नको.

तिने विचारलं, "इतकंच?"

मी म्हटलं, "इतकंच."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग म्हणाली, बरं झालं सांगितलंस. सुईत दोरा ओवायला लागली तर तीनदा चुकली. तिचे डोळेही आता थकत चाललेत, चष्मा करायला हवा.

मी उगीच घाबरत होते. मोठ्या मनाची आहे माझी बहीण.

३० मार्च

ताई गेली. जाताना माझे सगळे कपडे दुरुस्त करून, घडी घालून ठेवले. पुतळा कंपनीला दिला, दुसऱ्या भागाला लागेल म्हणून. गाडी सुटताना खिडकीतून तिने काही म्हटलं नाही. मी फलाटावरून 'पत्र लिही' म्हटलं, तेव्हा तिने मान वळवलेली होती.

घर रिकामं झालं. आणि आज संध्याकाळी मास्तर आणि तीन-चार जण चहाला आले, मोकळेपणाने हसले, बोलले. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वही त्यासाठीच आहे.

६ एप्रिल

हॉलमध्ये पडद्याखाली पियानो वाजवणाऱ्या बाई आज रस्त्यात भेटल्या. पियानोच्या तोंडावर छोटा आरसा लावून त्या पडदा बघतात, त्यामुळे त्यांचं तोंड लोकांकडे असतं. म्हणाल्या, तुमच्या बहीणबाई बऱ्या आहेत ना? त्या दिवशी मला काळजी वाटली.

कोणत्या दिवशी, मी विचारलं.

पहिल्याच दिवशी, दुपारच्या खेळाला. बाई ताईला ओळखतात, कारण सगळ्या हॉलमध्ये ती एकटीच पियानोच्या तालावर पाय हलवत नाही. दुसऱ्या रांगेत बसली होती. पुतळ्याचं दृश्य आलं, हॉल हसायला लागला, आणि ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. मागे वळून एकेकाचा चेहरा बघत होती, रांगेमागून रांग. लोक ओरडले, खाली बसा. तिला कुठून ऐकू येणार? मग बसली. खेळ संपल्यावर पुन्हा तिकीट काढून दुपारच्याच दुसऱ्या खेळालाही बसली.

म्हणजे मी संध्याकाळी मिरवत घरी गेले त्याच्या आधी.

म्हणजे चोवीस तारखेला मी तिच्यासमोर बसून 'कंटाळा आलाय, असं काहीसं' म्हणत होते, तेव्हा तिला सगळं शब्दन् शब्द ठाऊक होतं. तिने मला विचारलं होतं, इतकंच? मला संधी दिली होती. आणि मी, ओठ वाचणाऱ्या बाईच्या तोंडासमोर तोंड धरून खोटं बोलले. वर इथे येऊन लिहिलं की ओझं उतरलं.

आता ते पान वाचवत नाही. फाडावंसं वाटतं, पण फाडणार नाही.

७ एप्रिल

दुपारच्या खेळाला गेले. चेहऱ्यावर ओढणी, कानात कापसाचे घट्ट बोळे. दुसऱ्या रांगेत बसले.

हसणं ऐकू येत नाही तेव्हा ते दृश्य अजिबात विनोदी नाही. एक बाई रागाने पांढरी झाली आहे आणि ज्याला हात नाहीत त्याला बोलते आहे. मी सतरा जानेवारीला लिहिलं की काय बोलले आठवत नाही. आठवत होतं. दोन मार्चला लिहिलं की 'अशा अर्थाचं'. अर्थ तसा नव्हता, त्याहून फार वाईट होता. मी ताईशी खोटं बोलले, मुनीशी बोलले, आणि जी वही कुणी वाचणार नाही तिच्याशीही बोलले.

मागे वळून बघितलं. दोनशे तोंडं उघडी, सगळे दात दिसत होते. मला दोन सेकंदही बघवलं नाही. ताई रांगेमागून रांग बघत गेली होती.

कंपनीत उद्या दुसऱ्या भागाचं शूटिंग होतं, तोच चेहरा करायचा. मास्तरांना निरोप पाठवला की येत नाही. गेलं काम तर जाऊ दे.

८ एप्रिल

ताईची शाळा लांबलचक आहे, खिडक्याच खिडक्या. वर्गात बारा-तेरा मुली शिवत होत्या आणि ताई त्यांच्यामधून फिरत काहीतरी सांगत होती, मोठ्याने, तिच्या त्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या आवाजात. घरी ती चार माणसांत क्वचितच आवाज काढायची. इथे कुणी दचकत नव्हतं. मी दारात बराच वेळ नुसती ऐकत उभी राहिले. तिचा आवाज मी इतका वेळ सलग कधी ऐकलाच नव्हता.

मला बघून तिने मुलींना काम दिलं आणि बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसली. जेवलीस का, विचारलं. मी म्हटलं, आधी ऐक. म्हणजे बघ.

मग बोलले. जसं पडद्यावर आहे तसं. आवाज काढून बोलले, कारण मला स्वतःलाही ऐकायचं होतं. "ऐकू येतंय का तुला? नाहीच येणार. कुणाला घरी बोलवायची सोय नाही तुझ्यामुळे. त्या तापातच गेली असतीस तर मी सुटले असते."

ताई शेवटपर्यंत माझे ओठ वाचत होती. मग म्हणाली, "मधलं राहिलं."

मला ठाऊक होतं की राहिलंय. प्रवासभर मी ते सोडूनच पाठ केलं होतं.

"गळ्यातली धोंड," ती म्हणाली. मोठ्याने. वर्गातल्या एकाही मुलीने मान वर केली नाही.

मी म्हटलं, "गळ्यातली धोंड."

"हं," ती म्हणाली. "आता झालं."

मला रडू फुटलं. मी तिचे पाय धरायला गेले, तिने धरू दिले नाहीत. ती खिडकीतून मुलींचे हात बघत होती, कुणाचा टाका वाकडा जातोय ते. मग सांगायला लागली की हॉलमध्ये सगळे हसले तेव्हा तिला वाटलं, सगळ्यांना कळलं. सगळ्या गावाला. म्हणून उठून बघितलं. चेहरे बघून लक्षात आलं की ते टोपीला हसतायत, कळलेली तिथे ती एकटीच आहे. तेवढं तरी बरं, असं वाटलं म्हणाली.

मी विचारलं, घरी येशील? ती नाही म्हणाली. इथे तिला बरं वाटतं. रागाने नाही, सहज म्हणाली.

घंटा तिला ऐकू येत नाही, पण भिंतीवरचं घड्याळ बघून ती उठली. दाराशी जाऊन वळली, मी तिच्याकडे बघतेय ना याची खात्री केली आणि आमच्या घरच्यासारखी, आवाज न काढता, फक्त ओठांनी बोलली.

"राग आला तर मला सांगायचं. पुतळ्याला काय सांगतेस? त्याला ऐकू येत नाही."

मग ती वर्गात गेली आणि मी चारच्या गाडीने परत आले.